गेरूचे हात

बोरखडीच्या लोकांना एक खोड होती. कुठली गोष्ट म्हणून त्यांना शोधावी लागत नसे. कुणाची शेळी नाहीशी झाली, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाची गंजी पेटली, की पारावर बसल्या जागी निकाल तयार. "त्यात काय इचारायचं, दिसतंय की," असं म्हणायचं, सुपारीचं खांड गालात सारायचं आणि मोकळं व्हायचं. आता पुष्कळदा ते खरंही निघे, नाही असं नाही. म्हणून तर खोड मोडेना.

संतराम त्याच गावचा, त्याच खोडीचा. मोठा भाऊ माणिकराव गावचा पाटील. भाऊ शांत, हा भडक. आईबाप गेल्यावर माणिकरावानं आणि भावजय द्वारकाबाईनं याला लेकरासारखं वाढवलं होतं, त्यामुळे भावाला कुणी वाकडा शब्द बोललं की याच्या डोक्यात राख जायची. माणिकराव हसून म्हणायचा, "संतराम, आधी हात खाली घे, मग ऐक." संतराम हात खाली घ्यायचा. भाऊ सांगायचा म्हणून घ्यायचा, बरं का. एरवी त्याला कुणी आवरलेलं गावानं पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. रझाकारांचं नाव अजून कुणाच्या कानावर यायचं होतं. पोळ्याचा दिवस होता आणि सकाळपासून भुरभुर लागली होती.

बोरखडीच्या पोळ्यात भांडण एकच असे, तोरणाखालून आधी कुणाची जोडी जाणार. मान पाटलाचा, म्हणजे माणिकरावाचा. त्याचा चुलतभाऊ सटवाजी म्हणायचा, थोरली पाती आमची, मान आमचा. हे तो पारावर बोलला, चावडीत बोलला, हरला आणि दर पोळ्याला दात खात दुसऱ्या जागी उभा राहिला. औंदा मात्र त्यानं वसमतच्या बाजारातून पांढरीशुभ्र जोडी आणली होती. सालगड्याकडून शिंगांना हिरवं वार्निश लावून घेतलं, अंगावर आरशांची झूल चढवली. बाकी गावातला बैल न् बैल गेरूच्या पंज्यांनी लाल झालेला आणि गड्यांचे, बायकांचे, पोरासोरांचे हात कोपरापर्यंत गेरूनं माखलेले. सटवाजीची जोडी तेवढी कोरी. सकाळी ओढ्यावर कुणीतरी त्याच्यापुढं गेरूची वाटी धरली, तर तो चारचौघांत म्हणाला, "गेरू फासायला माझे बैल काय भिंती हायेत?" लोक हसले. संतरामही हसला.

दुपारी माणिकराव पळसाच्या डहाळ्या आणायला ओढ्याकडं गेला. दाराला लावायच्या डहाळ्या तो दरवर्षी स्वतः आणायचा. पण दिवस कलला तरी त्याचा पत्ता नाही. वेशीपुढं बैलांची रांग लागली, हलगीवाले ताटकळले. मानाच्या जोडीचा कासरा संतरामच्या हातात होता आणि त्या जोडीतला हरण्या उगीच मान झटकत होता. रांगेच्या शेवटाला तांड्याची बैलं होती. तांडा ओढ्यापलीकडं, पण त्यांचा पोळा गावाबरोबरच भरायचा. त्यात थावराची जोडी नव्हती. हे कुणीतरी बोललंही.

थावरा हा तांड्यातला संतरामच्या बरोबरीचा गडी. दोघांनी लहानपणी एका माळावर गुरं राखलेली, एका ओढ्यात डुंबलेले. हा हरण्या वासरू असताना थावराच्याच गोठ्यातून आला होता. त्याच गायीचं दुसरं वासरू, धवळ्या, थावरानं स्वतःला ठेवलं. दोस्ती अशी जुनी. पण मागच्या आठवड्यात थावराची गाय पाटलाच्या ज्वारीत शिरली, माणिकरावानं ती कोंडवाड्यात घातली, आणि थावरा चावडीपुढं म्हणाला, "पाटील, हे बरं न्हाई केलं." एवढंच म्हणाला आणि गाय सोडवून घेऊन गेला. गावानं मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं.

तेवढ्यात सटवाजी मागच्या बाजूनं घाईघाईनं रांगेत आला आणि त्यानं संतरामच्या खांद्यावर हात ठेवला. "माणिकराव कुठं राहिला रे? बैलं किती येळ उभी करायची?"

पावसानं त्याचा तळवा ओला होता. संतरामच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल पंजा उमटला.

"आण्णा, नवा सदरा हाये माझा," संतराम कुरकुरला.

"पोळ्याला डाग लागायचाच," सटवाजी म्हणाला. "जा, बघून ये भावाला. बसला असंल कुठं बिडी फुकत."

संतरामनं कासरा गड्याच्या हातात दिला आणि निघाला.

ओढ्याकाठच्या ज्वारीत त्याला आधी डहाळ्या दिसल्या, तुडवलेल्या. मग भावाची वहाण. मग भाऊ. माणिकराव पालथा पडला होता आणि मानेवर मागून कुऱ्हाडीचा घाव बसला होता. एक नाही, तीन. पहिलाच पुरला असता. डोकं एका बाजूला कलून राहिलं होतं आणि उघड्या तोंडात चिखल गेला होता. संतरामनं त्याला उताणा केला, तोंडातला चिखल बोटानं काढला, सदऱ्याच्या टोकानं ओठ पुसले. मेलेल्या माणसाच्या तोंडातला चिखल काढून काय होणार होतं. पण काढला. आणि मग त्यानं अशी हाक फोडली की वेशीतली हलगी थांबली.

पहिला धावत आला तो थावरा. ओढ्याच्या काठावरून, दरडीकडून आला. नेसूचं धोतर ओलं, केस निथळत असलेले, आणि खांद्यावर फावडं. फाळाला ओली माती.

"काय झालं, संतरामभाऊ?" म्हणत तो जवळ आला, माणिकरावाला पाहिलं आणि मटकन खाली बसला. "अरे देवा. पाटील." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंच आलं. संतरामनं ते पाहिलं, पण त्याची नजर थावराच्या हातांवर गेली आणि तिथंच अडकली.

आज अख्ख्या शिवारात लाल हात नसलेला माणूस नव्हता. थावराचे हात स्वच्छ होते. नखंसुद्धा धुतलेली.

"थावरा, आंघोळ कशाची केली?"

थावरानं खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं.

"फावड्याला माती कशाची? काय पुरलं?"

थावरानं मान वर केली. संतरामकडं त्यानं अशा नजरेनं पाहिलं की तुला ठाऊक असूनही काहून विचारतोस. "संतरामभाऊ, ते आत्ता न्हाई सांगत. बैलं तोरणाखालून जाऊ दे, घरी घास खाऊ दे. मग सांगतो."

"माझा भाऊ मरून पडला अन् तू मला बैलांचं सांगून राहिला?"

तोवर माणसं आली. दहावीस, मग पन्नास, हातात बैल हाकायच्या काठ्या तशाच घेतलेली. ज्वारी आडवी करत आली. सगळ्यांनी प्रेत पाहिलं, मग फावडं पाहिलं, मग ते धुतलेले हात पाहिले. कुणी काही विचारलं नाही. कोंडवाड्याची गोष्ट कुणीतरी पुटपुटला. "कुऱ्हाड पुरून आला," दुसरा म्हणाला. "रगत धुऊन आला," तिसरा. "आंधळ्यालाबी दिसंल."

सटवाजीनं माणिकरावाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, त्याला छातीशी धरलं, मोठमोठ्यानं रडला. सगळं अंग रक्तानं माखून घेतलं. मग उठला.

थावराला तोवर अंदाज आला होता. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात पुढं केले. "ऐका, मी सांगतो. आता सांगतो. माझा..."

सटवाजीनं फावडं उचललं आणि दांड्याचा तडाखा त्याच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. थावरा गुडघ्यावर आला. तोंडातून दात आणि रक्त एकदम पडलं, आणि पुढं तो जे काही बोलत राहिला त्यातलं एक अक्षर कुणाला कळण्याजोगं उरलं नाही.

"दिसतंय की सगळं," सटवाजी म्हणाला. "आता काय ऐकायचं याचं?" आणि फावडं संतरामपुढं धरलं. "तुझा भाऊ हाये. तू ठरव."

इथं माणिकराव असता तर म्हणाला असता, आधी हात खाली घे. पण तो चिखलात पडला होता, आणि संतरामला आयुष्यात आवरणारं दुसरं माणूस नव्हतं.

त्यानं फावडं घेतलं. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड तुटलं. थावरा आडवा झाला आणि सरपटत संतरामच्याच पायाशी आला. दुसऱ्या हातानं त्यानं त्याचं धोतर धरलं. लहानपणी डोहात बुडताना धरलं होतं तसंच. संतरामनं पाय झटकला आणि फाळ डोक्यात घातला. मग गावानं काठ्या चालवल्या. एकेकाला वाटत होतं की आपली काठी लागल्याशिवाय माणिकरावावरचं आपलं प्रेम कळणार नाही. सणाच्या धुतल्या कपड्यातली माणसं होती ती. बरगड्या मोडल्या, हात मोडले, डोळा बाहेर आला, तरी काठ्या पडतच राहिल्या. शेवटी मारणाऱ्यांचे हात दुखायला लागले तेव्हा थांबले. थावरा केव्हाच गेला होता.

कुणी कुणाकडं बघेना. पाऊस वाढला. माणिकरावाला कांबळ्यात घालून घरी नेलं. द्वारकाबाईनं त्याला पाहिलं आणि ती उंबऱ्यावरच कोसळली. थावरा ज्वारीत तसाच राहिला.

आता पुढं काय, हे कुणाला सुचेना. सटवाजीला सुचलं. "बैलं सकाळपासून उपाशी हायेत," तो म्हणाला. "तोरण न तोडता माघारी नेली तर गावाचं वाटोळं हुईल. पाटलाची जोडी सुतकात. माझी पुढं घेतो, काय करता." लोकांनाही हातांना काहीतरी काम हवंच होतं. त्यांनी माना डोलवल्या आणि हलगी पुन्हा वाजायला लागली.

संतराम वेशीत गेला नाही. हिंगोलीहून पोलिसांचा अमीन येईल, पुरावा मागेल, म्हणून तो कुऱ्हाड उकरायला ओढ्याकडं निघाला. तेच फावडं हातात होतं. दरडीखाली ताजी माती सहज सापडली. मोठा चर होता, मातीवर निरगुडीचा पाला घातलेला. कुऱ्हाडीला एवढा मोठा खड्डा कशाला, हे तेव्हाही त्याच्या मनात आलं नाही, इतका तो पेटलेला होता. त्यानं उकरायला सुरुवात केली. हातभर खाली फाळ कापडाला लागला.

बायकी ओढणी होती, आरसे नि कवड्या लावलेली, तांड्यातल्या बायका डोईवर घेतात तशी. त्यानं ती बाजूला केली. खाली धवळ्या होता.

मान सरळ ठेवलेली, पाय पोटाशी घेतलेले, शिंगं तेल लावून पुसलेली. तोंडाशी लापशीचा गोळा, पानावर. पोटावरची कातडी फुगलेली, ओठ काळे पडलेले. साप चावला असावा. थावरानं त्याला एकट्यानं पुरलं होतं आणि घरचं माणूस गेल्यावर करतात तशी आंघोळ केली होती.

संतराम खड्ड्याच्या कडेला बसला. पोळ्याला बैल घरी येऊन पुरणाचा घास खाईपर्यंत बैल मेल्याचं कुणी तोंडातून काढत नाही. ऐकलं की उभ्या बैलाला लागतं, अशी साऱ्या शिवाराची समजूत. तांड्याचीही आणि गावाचीही. एका पोळ्याला घरचा बैल गेला, तर संतरामचा बाप त्याबद्दल असाच सबंध दिवस मुका राहिला होता. पोरांना घेऊन हसला, बैलांपुढं नाचला, आणि दिवेलागण झाल्यावर गोठ्यात जाऊन रडला. तेव्हा संतराम बापाच्या मांडीवर होता. त्याला हे ठाऊक नव्हतं, असं त्याला म्हणता येणार नव्हतं. थावराला खात्री होती की याला एवढं सांगितलं की कळेल.

तो उठला. मग पुन्हा माती ओढली. ओढणी घातली, लापशी होती तशी ठेवली, सगळी माती नीट दाबली. आणि मग त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. थावरानं नाही, तर कुणी.

तो वेशीत पोचला तेव्हा सटवाजीची जोडी तोरणाखालून नुकती गेली होती. हिरवी शिंगं पावसात चकचकत होती. झूल ओली होऊन घसरली होती आणि बैलांची पांढरी अंगं उघडी पडली होती. गेरूचा एक ठिपका नाही. कासरा धरलेले सटवाजीचे हात मात्र लाल. अख्ख्या गावासमोर, दिवसाउजेडी, सकाळपासून बोलून दाखवलेली गोष्ट, आणि शंभर डोळ्यांना ती दिसली नव्हती. संतरामलाही नाही.

त्यानं कासरा धरून जोडी थांबवली. "आण्णा, तुमच्या बैलांना गेरू कुठंय?"

हलगी थांबली.

"काय बोलतो?" सटवाजी म्हणाला. "सोड कासरा."

"तुमी गेरूला हात लावला न्हाई. मग हात कशानं लाल?"

"तुझ्या भावाला उचलला म्या. त्याचं रगत हाये. सगळ्यांनी बघितलं."

संतराम वळला आणि गावाला आपला खांदा दाखवला. पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटलेली, आता पावसानं फिकटून तपकिरी पडलेली. "हा पंजा दादा सापडायच्या आधीचा हाये. इथंच, या रांगेत, तुमी ठेवला. तवा तुमी कुणाला उचलून आला होता?"

सटवाजी सालगड्याकडं बघायला लागला. सालगडी दोन पावलं मागं सरला. "धन्यानं रंगाला हात न्हाई लावला," तो खाली बघत म्हणाला. "शिंगं मीच रंगवली. धनी दुपारी कुऱ्हाड घेऊन गेले ते..."

सटवाजीनं हात मागं लपवले. बस, तेवढंच केलं त्यानं. आणि माणसं हलली. तीच माणसं, त्याच काठ्या. "दिसतंय की," कुणीतरी म्हणालं, "साफ दिसतंय." सटवाजी पळाला, पण आपल्याच बैलांच्या कासऱ्यात पाय गुंतून तोरणाखाली पडला. पहिली काठी त्याच्या लपवलेल्या हातांवर बसली. बैल बुजले, त्याच्या छातीवरून गेले. तो किंचाळत होता, "संतराम, आवर यांना, तुझा भाऊ हाये मी." खरं तर संतरामला त्यांना आवरता आलं असतं. त्यानं आवरलं नाही आणि त्यानं काठीही उचलली नाही. तो वळला आणि ओढा ओलांडून तांड्याकडं चालायला लागला. मागं ओरडा बराच वेळ ऐकू येत होता, मग येईनासा झाला.

थावराच्या झोपडीच्या पडवीत चूल पेटली होती. पारुबाई, थावराची बायको, डोक्यावर ओढणी नसलेली, साध्या फडक्यानं केस झाकून बसली होती. संतरामला पाहून ती उठली.

"आलात, संतरामभाऊ? बैलं गेली न्हवं घरी? हलगी वाजल्याचं ऐकलं म्या." तिनं घोंगडी अंथरली. "आता बोलाया हरकत न्हाई. आमचा धवळ्या गेला, भाऊ. सकाळी पान लागलं त्याला. हे मला म्हणले, आज तोंड उघडायचं न्हाई, संतरामचा हरण्या मानाला उभा हाये, एका गायीची लेकरं हायेत, त्याला लागंल. म्हणून मी इथं गप बसले दिवसभर." तिनं डोळे पुसले आणि त्याच्या मागं पाहिलं. "हे कुठं राहिले? तुमच्याकडंच आले ना सांगायला? तुमच्यापाशी रडल्याशिवाय त्यांचं मन मोकळं व्हायचं न्हाई."

संतराम उभाच होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले. त्याला ते तिला दाखवायचे होते. त्यासाठीच तो आला होता. जे व्हायचं ते तिच्या हातून व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पारुबाईनं चुलीच्या उजेडात त्याचे हात पाहिले आणि एवढ्या दुःखातही तिला जरा हसू आलं. "तसेच आलात व्हय? थांबा, पाणी घालते. वाळला म्हंजे लवकर निघत न्हाई."

"पारुबाई, हा गेरू न्हाई."

"गेरू न्हाई तर काय, दिसतंय की," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातांवर तांब्या कलता केला.